परश्या घरी आल्यानंतर

‘श्वास’ हा मराठी चित्रपट २००४ साली लोकांनी पाहिला, रडत पाहिला आणि डोक्यावर घेतला. दिग्दर्शन संदीप सावंत यांचे, मूळ कथा माधवी घारपुरे यांची, आजोबांच्या भूमिकेत अरुण नलावडे आणि नातू परशुराम, म्हणजे आपला परश्या, झालेला अश्विन चितळे. ‘श्यामची आई’ला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते, त्यानंतर पन्नास वर्षांनी एखादा मराठी चित्रपट देशात सर्वोत्कृष्ट ठरला तो हाच. ऑस्करच्या स्पर्धेसाठी भारताकडून तो गेला तेव्हा खर्चासाठी महाराष्ट्रातल्या लोकांनी वर्गणी काढली होती. त्या काळी जे लिहिले गेले ते बहुतेक आजोबांविषयी होते, आणि ते योग्यच होते. वीस वर्षे उलटल्यावर आम्हांला मात्र परश्याविषयी लिहावेसे वाटते. कारण परश्या जगला.

हे वाक्य वाटते तेवढे साधे नाही. आपल्या पडद्यावर कॅन्सर झालेला माणूस जगतो कुठे? ‘सफर’ (१९७०) आणि ‘आनंद’ (१९७१) या दोन चित्रपटांनी राजेश खन्नाला दोनदा मारले आणि एका पिढीला शिकवले की हा आजार म्हणजे सुंदर बोलत मरणे. त्याआधीचा ‘दिल एक मंदिर’ (१९६३) तर फारच बोलका आहे. त्यात राजकुमारने रंगवलेला रोगी वाचतो, पण त्याला वाचवणारा डॉक्टर राजेंद्रकुमार श्रमाने मरतो. जणू मलकुल-मौतचा हिशेब चुकता करायचाच होता. एक सुटला तर त्याच्या जागी दुसरा हवा. पटकथा लिहिणाऱ्याला रोगी जिवंत ठेवून पुढे काय करावे हे सुचत नव्हते, असे आमचे मत आहे. उर्दूतही फार वेगळे नाही. ‘अंगारे’च्या (१९३२) रशीद जहाँ स्वतः डॉक्टर होत्या, बायकांच्या दुखण्यांवर त्यांच्याइतके निर्भीडपणे फार थोड्यांनी लिहिले, त्या १९५२ साली मॉस्कोत कॅन्सरनेच गेल्या. शाळेत आम्ही त्यांच्याविषयी सांगतो तेव्हा तो आजार शेवटच्या ओळीत येतो आणि धडा संपतो.

शब्दाचे एक गंमतीचे आहे. मराठीत कर्करोग, उर्दूत सरतान. कर्क म्हणजे खेकडा आणि अरबीतला सरतानही खेकडाच. ग्रीक वैद्यांनी गाठीभोवती पसरलेल्या शिरा पाहून हे नाव दिले, इब्न सीनाने ‘अल-कानून’मध्ये तेच चालवले. भाईंदर पश्चिमेकडून उत्तनकडे जाताना राई, मुर्धा, मोर्वा लागते, मिठागरे आणि खाडी लागते. इथल्या मुलांना खेकडा कसा धरतो हे सांगावे लागत नाही. धरतो तो सोडत नाही. पण सोडले तर? नांगीचा वळ किती दिवस राहतो? या प्रश्नाला आपल्या कथांनी हात घातलेला नाही.

‘श्वास’ने घातला, निदान उंबऱ्यापर्यंत नेला. परश्याला रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर झालेला आहे. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. कोकणातला म्हातारा नातवाला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात येतो, त्याला हे समजायलाच वेळ लागतो, आणि समजल्यावर पुढचा डोंगर उभा राहतो: मुलाला सांगायचे कोणी? शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा त्याला दवाखान्यातून गुपचूप बाहेर काढतात आणि शहर दाखवतात. इथे चित्रपट सहज घसरला असता. घसरला नाही, याचे कारण त्या दिवसात करुणरस कमी आणि भटकंती जास्त आहे. मूल हट्ट करते, दमते, रमते. आजोबा त्याला जग दाखवतात आणि स्वतः त्याच्याकडे पाहत राहतात.

आणखी एक गोष्ट समीक्षकांच्या नजरेतून निसटली असे वाटते. हा आजार बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो, दोन्ही डोळ्यांत असेल तर त्याहूनही लवकर. आई बाळाच्या बुबुळात पांढरी चमक पाहते, मांजराच्या डोळ्यासारखी. हल्ली फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत ती आधी दिसते. परश्या मात्र शाळकरी वयाचा आहे. वैद्यकाच्या पुस्तकात असा मुलगा क्वचित सापडेल. पण वर्षाच्या बाळाला शहर दाखवता येत नाही, त्याला काही सांगावे लागत नाही, आणि काय गेले हे त्याला पुढे आठवतही नाही. कथेला असा मुलगा हवा होता ज्याने पाहिले आहे. ही सूट घेतली म्हणून आम्ही दोष देत नाही. पण तिचा परिणाम असा की चित्रपटाचा सारा भार ‘पाहणे’ संपण्यावर आला, आणि कॅन्सर हा शब्द मागे पडला. प्रेक्षक थिएटरातून बाहेर पडले ते एका आंधळ्या झालेल्या मुलासाठी रडत. त्या मुलाला कॅन्सर झाला होता आणि त्यातून तो वाचला, हे कितीजणांच्या लक्षात राहिले?

शेवटी परश्या काळा चष्मा लावून होडीतून गावाकडे परततो. आम्ही हा चित्रपट एकदा आठवीच्या वर्गाला दाखवला. उर्दू माध्यमाची मुले, मराठी त्यांची दुसरी-तिसरी भाषा, पण कोकणातून आलेल्या घरांतली काहीजण होडी दिसताच सरसावून बसली. संपल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “फिर आगे क्या हुआ?” दुसऱ्याने लगेच उत्तर दिले, “पिक्चर खतम हुई ना, आगे क्या होगा!” दोघांचेही बरोबर होते. समीक्षेतला खरा प्रश्न पहिल्याने विचारला होता.

तर पुढे काय झाले असेल? परश्या आज तिशीच्या आसपास असेल. कल्पनेचे सोडा, या आजाराविषयी जे माहीत आहे त्यावरून थोडे सांगता येते. दोन्ही डोळ्यांत होणारा हा कॅन्सर जवळजवळ नेहमी जन्मतःच्या जनुकदोषातून येतो. आल्फ्रेड नुडसन या अमेरिकन डॉक्टरने १९७१ साली याच आजाराच्या अभ्यासावरून कॅन्सरचा एक मोठा सिद्धांत मांडला आणि १९८६ साली ते जनुक हाती लागले. म्हणजे डोळे काढले तरी दोष शरीराच्या प्रत्येक पेशीत राहतो. अशा मुलांना मोठेपणी हाडांचा किंवा मांसपेशींचा दुसराच कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. किरणोपचार झाले असतील तर आणखी वाढतो. परश्याचे लग्न झाले तर त्याच्या प्रत्येक मुलाला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून त्याच्या घरी बाळ जन्मले की मिठाईच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख घ्यावी लागेल. होडी किनाऱ्याला लागली तेव्हा आजोबांना हे माहीत होते का? त्यांना कोणी सांगितले होते का? चित्रपटात आसावरी नावाची समाजसेविका आहे, अमृता सुभाषने ती फार मनापासून केली आहे. डॉ. साने यांचे तुटक बोलणे आणि म्हाताऱ्याचे गोंधळलेपण यांच्यामध्ये ती पुलासारखी उभी राहते. आमच्या मते त्या चित्रपटातले भविष्याचे पात्र तीच. पण होडीत ती नाही. तिची ड्युटी वॉर्डापुरती.

बाहेरच्या जगात या ‘पुढे’चा विचार आधी एका रोग्यानेच केला. फिट्झह्यू मुलन हे अमेरिकन डॉक्टर ऐन तरुणपणी कॅन्सरमधून गेले होते. त्यांनी १९८५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की रोगी एक तर बरा होतो नाहीतर मरतो, ही विभागणीच फसवी आहे. जगण्याचे ऋतू असतात. पहिला ऋतू निदानाचा आणि उपचाराचा. दुसरा, उपचार संपल्यावरचा, परत येईल का या भीतीचा. तिसरा ऋतू लांब, त्यात माणूस बरा म्हणवला जातो पण नोकरी, विमा, शरीरात राहिलेले औषधांचे परिणाम यांच्याशी त्याची गाठ पडत राहते. पहिल्या ऋतूवर ढीगभर सिनेमे आहेत. दुसऱ्यावर आत्मकथने आहेत: युवराजसिंगचे २०१३ सालचे, मनीषा कोईरालाचे २०१८ सालचे. ती वाचनीय आहेत, आमच्या ग्रंथालयात त्यांना मागणीही आहे. पण आजार संपून काही वर्षेच झाली असताना लिहिलेल्या पुस्तकाला विजयाचा सूर लागतोच. मनीषाच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच कॅन्सरने नवे जीवन दिले असे म्हटले आहे. दिले असेल. पण ते जीवन पंचविसाव्या वर्षी कसे दिसते? तिसऱ्या ऋतूला अजून लेखक मिळायचा आहे.

सुसान सोन्टॅग या विदुषीला १९७५ साली स्तनाचा कॅन्सर झाला. तीन वर्षांनी तिने लिहिले की आजाराला युद्धाची, शापाची, पापाची रूपके चिकटवू नका, त्याने रोग्याचे ओझे वाढते. हे पुस्तक जगभर गाजले. स्वतः ती जवळपास तीस वर्षे जगली आणि २००४च्या डिसेंबरात रक्ताच्या विकाराने गेली. म्हणजे आपल्याकडे परश्यासाठी वर्गणी गोळा होत होती त्याच वर्षी. त्या तीस वर्षांविषयी मात्र तिनेही असे पुस्तक लिहिले नाही. इतकी धीट बाई, तीही तिसऱ्या ऋतूत गप्प राहिली.

आमच्यासारख्या मास्तरांना हा ऋतू वर्गात दिसतो. परळच्या टाटा हॉस्पिटलचे दरवाजे १९४१ साली उघडले. तिथे १९९१ साली एक वेगळा दवाखाना सुरू झाला, बालपणी कॅन्सर होऊन उपचार पूर्ण केलेल्यांसाठी. हे लोक आजारी नसतात, तरी ठरलेल्या मुदतीने येतात. उंची, हृदय, थायरॉइड, अभ्यास, सगळे तपासले जाते. कारण ल्युकेमियाच्या काही औषधांनी हृदयाचे स्नायू वर्षांनंतर दुबळे होऊ शकतात, आणि लहानपणी मेंदूला दिलेल्या किरणांनी लक्ष, स्मरण आणि विशेषतः गणित मागे पडू शकते. बी.एड.च्या अभ्यासक्रमात आम्हांला ‘मंदगती विद्यार्थी’ शिकवला होता, त्याची कारणेही घोकली होती. ही त्यांत नव्हती. एका शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही ऐकले आहे, “बीमारी तो कब की गई, अब ये नखरे क्यों?” बोलणारी व्यक्ती वाईट नव्हती. तिने ‘आनंद’ पाहिला होता.

आमच्या ओळखीची एक मुलगी आहे. लहानपणी ल्युकेमिया झाला होता. वडील पहाटेच्या लोकलने तिला खांद्यावर घेऊन दादरला उतरत, तिथून परळला. आता ती ठीक आहे. पाढे चुकतात, पण नकाशा बिनचूक भरते. आईने प्रवेशाच्या वेळी सारे सांगितले आणि सांगून झाल्यावर हात जोडले, कुणाला कळू देऊ नका, उद्या रिश्ते की बात आएगी. दाखल्यातली दोन वर्षांची पोकळी ‘गावी गेलो होतो’ या कारणाने भरली आहे. फ्रान्समध्ये २०१६ साली कायदा झाला, उपचार संपून दहा वर्षे झाली की कर्जाचा विमा काढताना जुना कॅन्सर सांगण्याची गरज नाही. २०२२ साली ती मुदत पाच वर्षांवर आणली. त्याला ते ‘विसरले जाण्याचा हक्क’ म्हणतात. आपल्याकडे या आईने तो हक्क स्वतःच घेतला आहे, खोटे बोलून. तिला खोटारडी म्हणण्याची आमची तयारी नाही.

आपल्या समाजात आजारी माणसाला भेटायला जाणे, अयादत, हे सवाबचे काम. लोक फळे घेऊन जातात, दुआ करतात, उगाच जास्त वेळ बसत नाहीत. माणूस गेला तर ताजियत. दोन्हींचे अदब आपल्याला पाठ आहेत. पण जो आजारी नाही आणि मेलाही नाही, ज्याच्याकडे वर्षातून एकदा फाइल काखेत मारून तपासणीला जाण्याचा दिवस येतो, त्याच्याकडे जाण्याचा रिवाज नाही. त्यासाठी शब्दही नाही. भाईंदरच्या बाजारात एक शिंपी आहेत, तोंडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन होऊन वीस वर्षे झाली. शिलाई उत्तम. पण दावतीला दस्तरखानावर बसत नाहीत, कारण जबडा पुरता उघडत नाही आणि लोक पाहतात. किरणांनी लाळेच्या ग्रंथी सुकल्या, घोट-घोट पाणी लागते. रमजानमध्ये रोजे धरता येत नाहीत, फिदिया देतात. शरीअतने सवलत दिली आहे हे त्यांना माहीत आहे, तरी दिवसा पाण्याची बाटली शिलाई मशिनच्या आडोशाला ठेवतात. कुणाकुणाला समजावणार!

यावर कोणी म्हणेल, महाराष्ट्रात कॅन्सरनंतरचे दीर्घ आयुष्य लपलेले कुठे आहे? शरद पवारांकडे पाहा. खरे आहे. २००४ साली, लोकसभेच्या निवडणुकीच्या धामधुमीत, त्यांना तोंडाचा कॅन्सर झाल्याचे निघाले. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. त्यानंतर ते केंद्रात दहा वर्षे कृषिमंत्री होते, आणि २०२४च्या प्रचारात वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी सभा घेत होते. तंबाखू-सुपारीची किंमत आपण मोजली हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. त्यांच्या राजकारणाशी आम्हांला इथे कर्तव्य नाही. पण वाचक म्हणून एक गोष्ट टोचते. वीस वर्षे मराठी माणसाने तो गाल, ते बदललेले उच्चार टीव्हीवर रोज पाहिले, आणि मिमिक्री करणाऱ्यांनी त्यावर टाळ्या घेतल्या. तो चेहरा म्हणजे तिसऱ्या ऋतूचे एक उघडे पान होते. आपण त्यातले राजकारण वाचले, त्यातला आजार आणि जगणे वाचले नाही. चेहरा समोर असूनही वाचता येत नसेल तर दोष डोळ्यांचा नव्हे, सवयीचा. आणि ही सवय गोष्टींनी लावलेली आहे.

म्हणून ‘श्वास’कडे परत जावे लागते. त्या चित्रपटावर आमचे प्रेम आहे. पण शेवटाबद्दल तक्रारही आहे. परश्याची होडी, खाडीचे पाणी, किनाऱ्यावरची माणसे हे सारे इतके देखणे आहे की प्रेक्षकाची सुटका होते. रडून झाले की प्रकरण मिटते. एखादा रुक्ष प्रसंग त्यानंतर हवा होता: पोस्टाने आलेले तपासणीचे पत्र आणि ते वाचून दाखवणारे कोणीतरी. किंवा निवासी शाळेचा पहिला दिवस. मंडणगड तालुक्यात घराडीला अंध मुलांची अशी शाळा आहे. परश्यासारख्या मुलाला आजोबांचा हात सोडून ब्रेलच्या टिंबांवर बोट ठेवावे लागते तो क्षण शहर पाहण्याच्या दिवसाइतकाच मोठा असतो. कथाकार म्हणेल, तो वेगळा चित्रपट झाला असता. मान्य. मग तो वेगळा चित्रपट, ती वेगळी कादंबरी वीस वर्षांत का आली नाही, एवढेच विचारायचे आहे. अशा गोष्टीत मृत्यूचा पडदा पडत नाही, विजयाची तुतारी वाजत नाही. मधल्या कंटाळवाण्या वर्षांना धरून ठेवील अशी बांधणी शोधावी लागते. दलित आत्मकथनांनी मराठीत एकदा हे करून दाखवले आहे, रोजच्या अपमानाला कथानकाची गरज नसते हे त्यांनीच शिकवले. मुस्लिम मराठी लेखकांनाही घरातली झाकलेली गोष्ट उघड्यावर मांडण्याचा सराव आहे. तलाक, परदा, दंगल यांवर आपण लिहिलेच ना? परळची फाइल अजून कपाटात आहे.

ती जी मुलगी वर सांगितली, तिने गेल्या परीक्षेत ‘मेरा बचपन’ या विषयावर निबंध लिहिला. नानीचे गाव, आंब्याचे झाड, पहिलीतली मैत्रीण, आणि मग एकदम चौथीतला गॅदरिंगचा नाच. अक्षर सुरेख, इमला निर्दोष. दहापैकी आठ गुण दिले.